फ्री थ्रोला हूल द्यायला सांगणारा तो मेसेज खोटा आहे

शालेय स्पर्धा तोंडावर आल्या की नांदेड-लातूरकडच्या ग्रुपवर बास्केटबॉलच्या ‘फ्री थ्रोचे पाच गुपित नियम’ (फ्री थ्रो म्हणजे फाऊल झाल्यावर कुणी न अडवता टाकायला मिळणारा चेंडू) फिरू लागतात. यंदा ते पुतणीच्या संघापर्यंत पोहोचले आणि लेकरं तसा सरावही करायला लागली. आपले सामने फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांवर चालतात. त्यातलं फ्री थ्रोचं कलम 43 वाचलं असतं, तर हा मेसेज कुणी पुढे ढकललाच नसता.

सगळ्यात घातक सल्ला हा: ‘टाकायची हूल द्या, समोरचा लेनमध्ये (बास्केटसमोरच्या आखलेल्या चौकोनात) घुसेल, तुम्हाला जादा थ्रो मिळेल.’ साफ चूक! टाकणाऱ्याने हूल देणं हाच नियमभंग आहे. नंतर चेंडू रिंगमधून गेला तरी पॉइंट नाही, आणि शेवटचा थ्रो असेल तर चेंडू समोरच्या संघाला, फ्री थ्रो रेषेच्या सरळीत बाजूच्या रेषेबाहेरून. समोरचा खरंच घुसला आणि शेवटचा थ्रो हुकला, तर भंग दोन्हीकडचा. चेंडू कुणाचा ते पझेशन ॲरो, म्हणजे आळीपाळीने संघ बदलणारा टेबलावरचा बाण, ठरवतो. जादा थ्रो यात कुठेच बसत नाही. शिवाय वर नेलेला हात मध्येच अडवला की लय तुटते, ती वेगळीच. अटीतटीच्या सामन्यात हातचा पॉइंट घालवायला शिकवताय तुम्ही पोरींना.

‘कुणीही आधी घुसलं की बास्केट रद्द’ हेही खोटं. टाकणारा सोडून कुणीही घुसलं, अगदी त्याचा सोबतीसुद्धा, तरी झालेला बास्केट धरायचाच. इथे काही पंचही घाईने शिट्टी मारतात. आधी चेंडूचं काय होतं ते बघावं. ‘समोरचा घुसला की पुन्हा थ्रो’ हे अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. पण थ्रो हुकला तरच.

‘चेंडू रिंगला लागेपर्यंत कुणी हलायचं नाही’ हे टाकणाऱ्याला आणि तीन पॉइंटच्या रेषेमागच्यांना लागू. लेनच्या कडेला उभे पाच जण, तीन बचावाचे आणि दोन टाकणाऱ्याचे, चेंडू हातातून सुटताच आत जाऊ शकतात. त्याआधी लेनच्या रेषेला नुसता बूट लागला तरी तो आत आल्यातच जमा, कारण ती रेषा आतल्या भागातच धरतात. सिमेंटच्या कोर्टावर या रेषा पुसट झालेल्या असतात आणि भांडण तिथेच पेटतं. सामन्याआधी त्या रंगवून घ्या.

‘थ्रो टाकायला दहा सेकंद’ हेही चूक. दहा सेकंद अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये मिळतात, आपल्याकडे पाचच. आणि शेवटचा थ्रो रिंगला न लागता खाली आला तर रिबाउंडला, म्हणजे हुकलेला चेंडू पकडायला, धावू नका, तो टाकणाऱ्याचा भंग असतो.