माझ्या कॅल्क्युलेटरला हात लावू नका

कॅल्क्युलेटर वापरायची माझी एक रीत आहे. आधी एसी, म्हणजे पडद्यावरचं सगळं पुसणारं बटण. मग पुन्हा एसी. समोर स्वच्छ शून्य दिसत असलं तरी आणखी एकदा एसी. आत कुणाचा तरी उरलासुरला हिशेब चिकटून बसला असेल, अशी मला धास्ती असते. बायको याला वेड म्हणते. पण आधीच्या माणसाने एम प्लस, म्हणजे आकडा मेमरीत टाकणारं बटण, दाबून ठेवलं असेल, तर कोपऱ्यात एक इवलासा एम बसून राहतो आणि बऱ्याच मशीनवर एसी कितीही बडवला तरी तो हलत नाही.

मार्च संपला की सोसायटीचे हिशेब माझ्या डायनिंग टेबलावर येतात, आणि हिशेबांबरोबर माणसंही.

मी मशीन टेबलावर ठेवून तर्जनीने एकेक आकडा दाबतो. सेक्रेटरी ते तळहातावर घेतात आणि अंगठ्याने मोबाइलसारखं बडवतात. तिथेच घात होतो. मोबाइलवर 1-2-3 वरच्या ओळीत, कॅल्क्युलेटरवर 7-8-9. टेलिफोनसाठी बेल लॅब्जने 1960 च्या सुमारास बटणांच्या कितीतरी मांडण्या माणसांवर तपासल्या आणि 1-2-3 वर ठेवले. कॅल्क्युलेटर मात्र जुन्या बेरीजयंत्रांच्या वळणावर गेला. त्यामुळे सेक्रेटरींच्या अंगठ्याखाली 741 रुपयांचं बिल 147 होतं आणि सोसायटी अचानक फायद्यात येते.

खजिनदार काकू बँकेतून निवृत्त झालेल्या. त्या बटणांकडे बघतसुद्धा नाहीत. पाचावरचा उंचवटा बोटाला लागला की पुढचं आपोआप. वेग असा, की मी नुसता बघत बसतो. फक्त शेवटी त्या बरोबरचं चिन्ह दोनदा दाबतात. ठामपणासाठी. माझ्या मशीनला ठामपणा कळत नाही. पाच अधिक तीन बरोबर आठ, आणि पुन्हा बरोबर दाबलं की अकरा! ते शेवटचा आकडा इमानेइतबारे परत मिळवतं.

टक्क्यांचं बटण तर मी दाबतच नाही. 500 वर 18 टक्के जीएसटी लावायचा होता. 500 अधिक 18 टक्के, असं दाबल्यावर माझ्या मशीनने 590 दिले, सेक्रेटरींच्या मशीनने 2877.77. बिघाड दोन्हींत नव्हता. त्यांच्या मशीनच्या मते प्रश्न असा होता की 500 आणि 18 ची बेरीज 18 च्या किती टक्के? असला प्रश्न जगात कुणाला पडतो, देव जाणे. तेव्हापासून मी सरळ 1.18 ने गुणतो.

शेवटी सेक्रेटरी वैतागले आणि माझ्या मुलाचा इंजिनिअरिंगचा कॅल्सी मागवला. जिन्यातल्या दिव्यांचं बिल 9250, फ्लॅट 36. भागाकार केला. पडद्यावर उत्तर आलं : वर 4625, मध्ये आडवी रेघ, खाली 18. अपूर्णांक! याचे रुपये करणारं बटण असतं म्हणे, पण मुलगा क्लासला गेलेला.

मी म्हटलं, "थांबू या, तो येईल तासाभरात."

"कशाला?" काकू नोटीस लिहायला घेत म्हणाल्या. "हेच लावा बोर्डावर. भांडायला कोणी आलंच, तर म्हणावं, आधी सोडवून आणा."

सेक्रेटरींनी सही ठोकली.