विमान गेलं नसतं तर किती पडला असता?

पावसाने ओढ दिली की ‘कृत्रिम पाऊस पाडा’ ही मागणी ठरलेली. विमान येतं, त्याचे फोटो येतात, कुठेतरी चार सरी पडतात आणि ‘प्रयोग यशस्वी’ची बातमी लागते. अहो, पण विमान गेलंच नसतं तर त्या ढगातून किती पडला असता?

आमच्या सोलापूरकडे बांधाच्या अलीकडे चिखल आणि पलीकडे धुरळा, हे दर पावसाळ्यात दिसतं. अशा मुलखात एका ढगाच्या जिवावर काय सिद्ध करणार? म्हणूनच पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात इथे केलेलं काम मला मोलाचं वाटतं. त्यांनी २७६ ढग निवडले. काहींच्या तळाशी विमानाच्या पंखांवरच्या, कॅल्शियम क्लोराईड असलेल्या नळकांड्या पेटवल्या. हे क्षार ओलावा ओढतात, त्यावर मोठे थेंब धरतात आणि ते खाली येताना बारक्या थेंबांना पोटात घेतात. उरलेले ढग मुद्दाम तसेच सोडले. तहानलेल्या जिल्ह्यात चांगला भरलेला ढग हात न लावता जाऊ द्यायचा, याला छाती लागते राव! पण तुलना करायची तर दुसरा रस्ता नाही.

निष्कर्ष काय? ढग अनुकूल असतील तर वाऱ्याच्या दिशेच्या १०० चौरस किलोमीटरमध्ये सरासरी १८ टक्के वाढ. म्हणजे तालुक्याचा एखादा कोपरा. ‘महाराष्ट्रात १८ टक्के जादा पाऊस’ असं फिरवणाऱ्यांनी हे जरा नीट वाचावं. अशा जादा पाण्याचा खर्च लिटरला साधारण १८ पैसे, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरला १८०० रुपये. स्वस्त वाटतं खरं, पण हे पाणी तुमच्या पिंपात पडत नाही. माळावर पडेल, नाहीतर शेजारच्या गावात.

त्याआधी बारामती भागात १९७३ ते १९८६ दरम्यान, मध्ये खंड पडत, ११ पावसाळे मीठ फवारून झालं होतं. तिथे २४ टक्के वाढ नोंदली गेली. एका आकड्यासाठी ११ पावसाळे! आणि आपण २०१५ ला, पुन्हा २०१९ ला औरंगाबादेतून विमानं उडवली ती टंचाईवरचा तातडीचा उपाय म्हणून. कोरड्या खंडात मुळात ढगच उथळ असतात, त्यात मीठ टाकून काय होणार?

माझा विरोध विमानाला नाही. चांगल्या पावसाच्या वर्षीही उडवा, सलग काही वर्षं उडवा. फक्त पुढच्या निविदेत एक अट घाला: किती ढग सोडून दिले आणि त्यांतून किती पडला, याचा तक्ता दिल्याशिवाय बिल निघणार नाही.