गुरुजी, आता तुमची मज्जा!

शिक्षणसेवक म्हणून सातारा जिल्ह्यात नव्यानं रुजू झाला असाल आणि पाटण-जावळीकडची एखादी दोनशिक्षकी शाळा वाट्याला आली असेल, तर आधी अभिनंदन. महिना १६ हजार मानधनावर कुरकुर करू नका. २०२३ च्या आधी हेच मानधन ६ हजार होतं, त्यामुळे जुनी मंडळी तुमच्याकडे श्रीमंत माणूस म्हणूनच बघतात. वर्षभर राबलात, आता सत्र संपत आलं. फळं तोडायचे दिवस आले.

पहिलं फळ लेखनाचं. लेखक व्हायची हौस होती पण घरच्यांनी डी.एड.ला घातलं, अशांसाठी तर एप्रिल म्हणजे पर्वणी. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० पासून चालू आहे, तेव्हापासून प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद करावी लागते. विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक, असे रकाने असतात. ते भरताना स्वतःचं डोकं चालवायच्या फंदात पडू नका. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तयार नोंदींची पीडीएफ दरवर्षी फिरते, तीच उघडा. ‘परिसरातील घटकांची माहिती सांगतो’, ‘गटात मिळूनमिसळून वागतो’. मुलींपुढे ‘सांगतो’चं ‘सांगते’ करायला मात्र विसरू नका, तपासणारे नेमकं तेवढंच तपासतात.

अडचण आलीच तर छंदाच्या रकान्यात येईल. चौथीत एक पोरगं असतंच. पहाटे धार काढून, डेअरीला दूध घालून शाळेत येतं. म्हैस आज व्येणार की उद्या, हे तिच्या चालीवरून सांगतं. कुठल्या फॅटला किती दर, हे त्याला तोंडपाठ असतं आणि डेअरीवाल्यानं पावतीत आठ आणे कमी धरले तर तिथल्या तिथं भांडतं. पीडीएफमध्ये छंद म्हणून वाचन, चित्रकला, गायन आणि पोहणे एवढंच आहे. म्हशी नदीवर नेतो म्हणजे पाण्यात उतरत असेलच, तेव्हा ‘पोहणे’ लिहा. सुधारणा आवश्यक या रकान्यात ‘गणिती क्रियांचा सराव’. झाली नोंद.

गुणांचं तर काहीच अवघड नाही. तिसरी-चौथीला आकारिकचे, म्हणजे वर्षभराच्या वर्गकामाचे, ६० आणि संकलितचे, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे, ४०; सहावीला निम्मे-निम्मे. आधी श्रेणी ठरवायची आणि मग तिथून उलटं चालत साधनतंत्रांत गुण पेरत जायचं. प्रात्यक्षिक, प्रकल्प, उपक्रम, तोंडी काम, सगळीकडे थोडं थोडं. वर्षाअखेर अशी पेरणी करणारा शेतकरी दुसरीकडे मिळणार नाही.

त्यात हे सगळं करायला वेळही भरपूर. २०२५ साली राज्यभर एकच वेळापत्रक आलं, पेपर २५ एप्रिलपर्यंत चालले आणि निकाल १ मेला लावायचा होता. मधले पाच दिवस पुरतात हो, वीज असली तर. एप्रिलात आसपासच्या गावांच्या यात्रा असतात ही आणखी एक सोय. गावात पालखी निघालेली, घराघरात मटण शिजतंय, आणि तुम्ही भाषेचा पेपर घेऊन वर्गात तिघांसमोर उभे. रागावू नका. बाकीच्यांच्या घरी जा. सगळे सापडतील आणि तुम्हाला जेवल्याशिवाय कोणी सोडणार नाही. (या नोकरीत लेखी आदेशाशिवाय मिळणारी गोष्ट हीच, म्हणून रस्सा दुसऱ्यांदाही घ्यावा.)

१ मेला झेंडावंदन आटोपलं की निकाल. इथं पालकांचं प्रेम दिसतं.

“गुर्जी, नंबर कितवा आला ह्येचा?”

“नंबर नसतो आता. अ-२ श्रेणी आहे.”

“म्हंजी कितवा?”

“एक्याऐंशी ते नव्वदच्या मधे.”

“आवं, वर्गात पोरं बाराच हायती, ह्यो नव्वदावा कसा?”

अशा वेळी शिक्षणहक्क कायदा समजावत बसू नका. ‘दुसरा आला’ म्हणा. बाराही जण दुसरे आले तरी कुणी पडताळा घेत नाही, आणि पेढे बारा घरचे येतात.

त्यानंतर शाळा व्यवस्थापन समितीतलं कोणीतरी भाषण करतं. १९१९ साली काले गावात लावलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या रोपाचा वटवृक्ष कसा झाला, कर्मवीर अण्णांनी भाकरतुकडा गोळा करून पोरं कशी शिकवली, आणि त्या जिल्ह्यात तुम्हाला सेवेची संधी मिळाली म्हणजे केवढं भाग्य. मान डोलवा. हे भाषण संपता संपता मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराचा विषय निघतो, आणि अण्णांचा वारसा चालवायला खिशात हात कोणी घालायचा, ते समोरच्या सगळ्यांना ठाऊक असतं.

आता खरा दागिना: पोषण आहाराचा तांदूळ. पहिली ते पाचवीला मुलामागे रोज १०० ग्रॅम. पट सदतीस असेल तर सगळे हजर असलेल्या दिवशी ३ किलो ७०० ग्रॅम. रजिस्टरात शिल्लक ४२ किलो आहे आणि कोठीत ३९ भरतोय, तर तीन किलोंचा जबाब उंदीर देणार नाही, तुम्ही द्याल. शिवाय रिकाम्या पोत्यांचा हिशेब. पोती मोजा, झटका, घड्या घाला, त्यातलं कुठलं उसवलंय, कुठलं कुरतडलंय ते बघा. पदवी, डी.एड., टीईटी, त्यात शिक्षकभरतीची अभियोग्यता चाचणीही देऊन माणूस बारदान झटकत उभा असतो आणि चौथीची पोरं खिडकीतून बघत असतात. शिक्षणाचं महत्त्व मुलांच्या मनावर ठसवायचा याहून प्रभावी उपक्रम अजून निघालेला नाही.

पटनोंदणीबद्दल थोडक्यात सांगतो. दाखलपात्र मूल कोणाच्या घरात आहे हे अंगणवाडीताईंच्या खालोखाल तुम्हाला माहीत हवं. तुम्ही उन्हात छत्री घेऊन पोहोचाल तेव्हा इंग्रजी शाळेची पिवळी गाडी पारापाशी वळत असेल. तुम्ही मोफत पुस्तकं, गणवेश, जेवण असं सगळं सांगाल, ते टाय दाखवतील. टाय जिंकतो. मग पट विसाच्या खाली गेला की ‘समूह शाळे’ची, म्हणजे छोट्या शाळा एकत्र करायची, चर्चा निघते आणि दोष गुणवत्तेचा ठरतो. टायचं नाव कोणी घेत नाही.

आणि मग सुट्टी! ती मात्र अगदी तुमची हक्काची. शिक्षणहक्क कायद्याचं कलम २७ तर सांगतं की शिक्षकाला अशैक्षणिक काम द्यायचंच नाही. अपवाद फक्त जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांचा. म्हणजे देशात माणसं मोजायची नसतील, पूर-दुष्काळ नसेल आणि कुठलीही निवडणूक नसेल, त्या वर्षी तुम्ही पूर्ण मोकळे. असं वर्ष आलं की मलाही कळवा.

मोकळे आहात हे नातेवाइकांना तुमच्या आधी कळतं. “तुला काय, दीड महिना सुट्टीच” म्हणत पुण्याची मावशी तीन पोरांसह उतरेल, आणि साताऱ्यात राहून महाबळेश्वर दाखवत नाही म्हणजे काय, असं विचारेल. न्या त्यांना. मेढ्याच्या पुढे केळघर घाटात गाड्यांची रांग लागली की शाळेची माहिती ऑनलाइन भरायच्या ‘यू-डायस’साठी फोन वाजेल: ‘अत्यंत तातडीचे. यू-डायसमधील त्रुटी आज सायंकाळी पाचपर्यंत दुरुस्त कराव्यात, अन्यथा जबाबदारी आपली राहील.’ घाबरू नका. ‘घाटात रेंज नव्हती, साहेब’ हे वाक्य आत्ताच पाठ करून ठेवा. फक्त मावशीबरोबर काढलेला सेल्फी त्याच दुपारी स्टेटसला ठेवू नका. आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख सगळ्यात आधी बघतात.