नदीपलीकडच्या गावाला जायचंय? आधी हाक मारा

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला शिकायला आलेल्या आपल्या मुलामुलींना पाऊस संपून रस्ते कोरडे झाले की काकाडू राष्ट्रीय उद्यान खुणावू लागतं. त्यातल्या काहींना काकाडूच्याही पुढे, ईस्ट अ‍ॅलिगेटर नदीपलीकडच्या गुनबलान्याला जायचं असतं. शनिवार-रविवारात, एकट्याने. जमतं का? जमतं. पण "आदिवासी गाव बघून येऊ, दोन रील्स काढू" एवढ्यासाठी निघणार असाल तर कृपया निघू नका. गुनबलान्या म्हणजे हजारेक लोकांचं राहतं गाव आहे. पूर्वी त्याला ओएनपेली म्हणत. भाषा कुन्विन्ज्कू. तिथले लोक स्वतःला बिनिंज म्हणतात, आणि बाहेरच्या, विशेषतः गोऱ्या, माणसाला बलांदा.

पहिली गोष्ट परमिट. नदीपलीकडचा सगळा मुलूख म्हणजे आर्नहेम लँड. ती १९७६ च्या जमीन हक्क कायद्याप्रमाणे तिथल्या मूळ रहिवाशांची जमीन आहे आणि परमिट देतं त्यांच्या जमिनींचं काम बघणारं नॉर्दर्न लँड काउन्सिल. बुधवारी अर्ज आणि शनिवारी प्रवास, असं होत नाही. दोन-तीन आठवडे हातात ठेवा. अर्जात तारखा, गाडीचा नंबर आणि कारण अचूक लिहा. "फिरायला" असं मोघम लिहू नका. "इंजलाक आर्ट्स या कला केंद्राला भेट, शनिवारी, एका दिवसासाठी" असं स्पष्ट लिहा. परमिट मिळालं म्हणजे सगळं रान मोकळं झालं, असंही नाही. ठरलेला रस्ता आणि ठरलेलं ठिकाण, एवढीच परवानगी असते. वाटेत गळ टाकून मासे धरणं किंवा आडवाटेच्या वस्तीवर डोकावणं त्यात येत नाही. छापील प्रत गाडीत ठेवा.

"एकाच देशात कसलं परमिट?" अशी कुरकुर कानावर येते आणि त्याचं वाईट वाटतं. आपण गावाकडे कुणाच्या अंगणात शिरताना बाहेरूनच "आहे का कुणी घरात?" अशी हाक देतो. उत्तर येईपर्यंत उंबऱ्याबाहेर थांबतो. परमिट म्हणजे तीच हाक.

दुसरी गोष्ट गाडी, आणि इथेच बहुतेकांचा बेत फसतो. डार्विन ते जाबिरू, म्हणजे काकाडूतलं छोटं शहर, सुमारे २५० किलोमीटर, पक्का डांबरी रस्ता, तीन तास. जाबिरूच्या अलीकडून उबिर या कातळचित्रांच्या ठिकाणाचा रस्ता फुटतो, तोही डांबरी. इथपर्यंत भाड्याची छोटी हॅचबॅक चालते. पुढे काहिल्स क्रॉसिंग, म्हणजे नदीतून जाणारा काँक्रीटचा कॉजवे, आणि त्यानंतर गावापर्यंत सोळा-सतरा किलोमीटर कच्चा रस्ता. भाड्याच्या साध्या गाडीच्या करारात पाण्यातून आणि कच्च्या रस्त्यावरून नेण्याला बहुधा मनाई असते. फोर-व्हील ड्राइव्ह घेतली तरी पाणी ओलांडण्याचं कलम वेगळं वाचा, कारण पाण्यात गाडी बुडाली तर विमा हात वर करतो आणि सगळी किंमत तुमच्या बोकांडी बसते. माझं मत स्पष्ट आहे: उंच फोर-व्हील ड्राइव्ह आणि ती पाण्यातून चालवायचा सराव, दोन्ही नसेल तर एकट्याने क्रॉसिंगवर जाऊ नका. जाबिरूतून निघणाऱ्या दिवसाच्या टूरमध्ये एक सीट घ्या, परमिटचं तेच बघतात का ते बुकिंग करतानाच विचारा. तेही परवडत नसेल तर नदीवरची गुलुयाम्बी बोटफेरी घ्या. वाटाडे तिथलेच असतात आणि बोट आर्नहेम लँडच्या काठाला लागते.

आता क्रॉसिंग. ही नदी समुद्रापासून इतकी आत असूनही इथे भरती पोहोचते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. इथे तर उधाणाच्या दिवसांत प्रवाह उलटा फिरून वरच्या दिशेने धावताना दिसतो. डार्विन बंदराचं भरतीचं वेळापत्रक जसंच्या तसं इथे लावू नका. पाणी नदीतून वर चढायला काही तास घेतं. काहिल्स क्रॉसिंगचं स्वतंत्र वेळापत्रक बघा, काकाडूच्या बोवाली व्हिजिटर सेंटरमध्ये विचारा आणि काठावरची खोली दाखवणारी पट्टी स्वतः वाचा. एरवी ओढा ओलांडण्याआधी उतरून, चालून खोली बघावी असं शिकवतात. इथे तसं कदापि करू नका. खाऱ्या पाण्याच्या मगरी क्रॉसिंगला लागूनच, प्रवाहाबरोबर येणारे मासे टिपत असतात. पायी ओलांडताना इथे माणसं जिवानिशी गेली आहेत. फोटोसाठीसुद्धा पाण्यापासून पाच मीटर मागे राहा, त्यापेक्षा फोटो बांधलेल्या मचाणावरूनच काढा.

ओलांडताना आधी समोरची गाडी पूर्ण पार होऊ द्या. मग लो रेंज, एकच गिअर, एकसारखा संथ वेग. मध्ये थांबायचं नाही, कारण थांबलेल्या गाडीला पाणी बाजूने रेटतं आणि कॉजवेची कड पाण्याखाली दिसत नाही. आणि जाण्याइतकाच येण्याचा विचार करा. सकाळच्या ओहोटीला निवांत पार झालेले लोक दुपारी गावात रमतात आणि परत येतात तेव्हा कॉजवे पाण्याखाली गेलेला असतो. परतीची वेळ कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा.

बाकीचं थोडक्यात. शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत डार्विन सोडा. अंधारात रस्त्यावर रानरेडे आणि वॉलबी, म्हणजे छोटे कांगारू, येतात. मुक्काम जाबिरूत किंवा क्रॉसिंगजवळच्या मर्ल कॅम्पग्राउंडवर; तिथले डास असे की बारीक जाळीचा तंबू हवाच. काकाडूचा पास वेगळा काढावा लागतो. फोनला टेलस्ट्राचंच नेटवर्क, स्वस्तात हवं तर बूस्टचं सिम. पाणी माणशी किमान दहा लिटर गाडीत. दारू अजिबात नाही. आइसबॉक्सच्या तळाशी विसरलेला एक कॅनसुद्धा गुन्हा ठरू शकतो आणि गाडी जप्त होऊ शकते.

गावात शनिवारीच जा आणि केंद्राच्या वेळा आधी फोन करून विचारा. इंजलाक आर्ट्स १९८९ पासून आहे, गावाच्याच मालकीचं. गेल्यावर घाई करू नका. झाडाच्या सालीवरचं चित्र जवळून बघा. स्ट्रिंगीबार्क झाडाची साल पावसाळ्यात, झाडात रस भरलेला असताना सोलतात, जाळावर शेकून वजनाखाली सपाट करतात. मातीचे रंग, पांढऱ्या मातीला देलेक म्हणतात, आणि बारीक रेघांसाठी लव्हाळ्याच्या काही तंतूंचा कुंचला. एक रेघ, शेजारी दुसरी, श्वास रोखून. बांबूच्या काडीने तांदळाच्या पिठाचं वारली चित्र रेखणारा हात पाहिला असेल, तर या कामाला किती वेळ लागतो ते लगेच कळेल. केवड्याच्या जातीच्या पँडानसची पानं बायका नखांनी चिरतात, मुळ्या उकळून त्या रंगात बुडवतात आणि मग टोपल्या विणतात. किमतीत घासाघीस करू नका. कलाकाराचं नाव असलेलं प्रमाणपत्र मागून घ्या. सालीचं चित्र तापलेल्या गाडीत ठेवू नका, ते वाकतं.

इंजलाक टेकडीवरची गुहाचित्रं वाटाड्याशिवाय बघता येत नाहीत. चढ खडकाळ आहे, बंद बूट आणि दोन लिटर पाणी हवं. वाटाडा "इथे फोटो नको" म्हणाला तर का म्हणून विचारू नका. चित्राला हात लावू नका. माणसांचे, खासकरून मुलांचे फोटो विचारल्याशिवाय नाही. वस्तीच्या गल्ल्यांतून उगाच भटकू नका. तिथे लोकांची घरं आहेत आणि मोकळी कुत्रीही. प्रश्नांचा भडिमार करण्यापेक्षा शेजारी बसा. उत्तर येण्याआधीची शांतता भरून काढायची गरज नसते. "कमक" म्हणजे छान, "बोबो" म्हणजे येतो. एवढे दोन शब्द मनापासून म्हणा.

आणि एका गोष्टीची तयारी ठेवा. गावात कुणी वारलं तर सगळे व्यवहार थांबतात. त्याला सॉरी बिझनेस म्हणतात. केंद्र बंद, टेकडी बंद, कधी परमिटही रद्द. शुक्रवारी संध्याकाळी तसा निरोप आला तर "इतक्या लांबून आलोय" म्हणून हुज्जत घालू नका. सुतक असलेल्या घरी आपण पाहुणचार मागत नाही. अलीकडच्या काठावरच उबिर आहे. मुख्य कातळावर हाडं-काटे दिसतील असे रंगवलेले मासे आहेत, आणि ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून फार पूर्वीच नाहीशा झालेल्या थायलासीनचं, म्हणजे अंगावर पट्टे असलेल्या कुत्र्यासारख्या पिशवीधारी प्राण्याचं, चित्रही. वरच्या खडकावर सूर्यास्ताआधी तासभर जाऊन बसा. समोर नादाब पूरमैदान पसरलेलं दिसतं आणि त्याच्या पलीकडे आर्नहेम लँडचे कडे. पुढच्या हंगामात पुन्हा अर्ज करा.