बारीक मुलीच्या मधुमेहात चरबीचा काय संबंध? – एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, गर्भावस्थेतल्या मधुमेहात चरबीतली प्रथिनं बदलतात, असं मी आधी लिहिलं होतं; त्यावर तुमचे आक्षेप दोन. सून सडपातळ असूनही गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात तिची साखर वाढली, मग मी चरबीला आरोपी का केलं? आणि 'चरबीतली प्रथिनं बदलतात' म्हणजे तिने डाळी-उसळी सोडायच्या का?

उसळी मुळीच सोडू नयेत. मी लिहिलं ती प्रथिनं ताटातली नव्हेत, चरबीची पेशी स्वतः घडवते ती.

ग्लूट-4 हे त्यातलंच एक. इन्सुलिनचा निरोप आला की ते पेशीच्या आतून पृष्ठभागावर येतं आणि साखर आत घेतं. गरोदरपणाच्या शेवटी वारेतल्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा प्रभाव सगळ्याच बायकांत बराच घटतो; बाळाला साखर मिळावी म्हणून ही सोय. पण 1993 साली अमेरिकेत गार्वे आणि सहकाऱ्यांनी गर्भावस्थेतला मधुमेह असलेल्या बायकांच्या चरबीपेशी तपासल्या, तेव्हा अनेकींत ग्लूट-4 फारच कमी आढळलं. शिवाय इन्सुलिन दिलं तरी ते नीट जागेवर पोचत नव्हतं. म्हणजे प्रश्न चरबी किती याचा नाही, ती वागते कशी याचा आहे.

'आरोपी' मात्र मी म्हणणार नाही. असे नमुने बहुधा सिझेरियनच्या वेळी घेतात, तोवर आजार जडलेला असतो. आधी प्रथिनं बिघडली की आधी साखर, हे त्यातून कळत नाही. मात्र चरबीतूनच रक्तात येणारं अ‍ॅडिपोनेक्टिन (इन्सुलिनला मदत करणारं प्रथिन) पुढे मधुमेह होणाऱ्या बायकांत पहिल्या तिमाहीतच कमी दिसतं. एवढ्यावरून संशय घेता येतो, निकाल देता येत नाही.

आणि सडपातळ म्हणजे चरबी कमी, हे आपल्याकडे तरी धरून चालू नका. मधुमेहावर संशोधन करणाऱ्या पुण्याच्या डॉ. याज्ञिकांनी 2004 साली लंडनच्या डॉ. युडकिन यांच्यासोबत स्वतःचंच माप छापलं होतं: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) 22.3, पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. (दोघे पुरुष आहेत, मान्य, पण वजनकाटा किती लपवतो ते कळतं.)

म्हणूनच आपल्याकडे 75 ग्रॅम ग्लुकोजची चाचणी वजन न बघता प्रत्येक गरोदर बाईची करायची असते. दोन तासांनी साखर 140 किंवा जास्त आली, तर मधुमेह धरतात. सूनबाईंची हीच चाचणी बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा करून घ्या. बाळाच्या गडबडीत तीच नेमकी राहून जाते.