रस्त्यांचं ज्ञान वाटावं कसं?

आंतरराष्ट्रीय रस्ते परिषदेचं बोलावणं आलंय ना? मग एक पथ्य कसोशीने पाळा: आपला फसलेला रस्ता तिथे काढायचा नाही. बॅगेत फोटो न्यायचे ते उद्घाटनाच्या दिवशीचे. काळं कुळकुळीत डांबर, ताजे पांढरे पट्टे, वर निरभ्र आकाश. पहिल्या पावसानंतरचा फोटो चुकून दाखवलात तर भलताच कुणीतरी उठून विचारेल, भेगेतून पाणी नेमकं कुठे मुरलं? आणि पाणी कुठे मुरतंय हे चारचौघांत सांगायचं नसतं.

1958 ते 1960 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात अगदी उलटं केलं. चाचणीसाठी मुद्दाम रस्ते बांधले, सैनिकांना ट्रक चालवायला बसवलं आणि अ‍ॅक्सलच्या (म्हणजे दोन बाजूंच्या चाकांना जोडणाऱ्या आसाच्या) 11 लाखांहून अधिक फेऱ्या मारून ते रस्ते मोडू दिले. वर कुठला कधी मोडला ते छापलंही! त्यातून कळलं, की अ‍ॅक्सलवरचं वजन दुप्पट केलं तर रस्त्याची झीज साधारण सोळापट होते. जगभरच्या अभियंत्यांनी हे पाठ केलं. तुम्हीही करा, फक्त वजनकाट्यापाशी आठवू नका.

उसनवारी करताना नाव आणावं, कृती तिथेच ठेवावी. जर्मनीत जन्मलेलं स्टोन मॅस्टिक अस्फाल्ट हे खडी-डांबराचं मिश्रण पाहायला अमेरिकी अभियंते 1990 साली युरोपभर हिंडले. त्यात मोठी खडी खडीला टेकून भार पेलते आणि डांबर निथळू नये म्हणून सहसा तंतू घालतात. तुम्ही इतकं खोलात शिरू नका. तंतू वगळा, खडी मिळेल ती घ्या, पाटीवर मात्र ‘जर्मन तंत्रज्ञान’ ठळक अक्षरांत हवं. उखडलं की जर्मनी आहेच!

1908 साली पॅरिसला पहिली परिषद भरली तेव्हा मोटारींनी उडणाऱ्या धुळीने सगळे हैराण होते. दुसऱ्याच वर्षी कायमची संघटना स्थापन झाली, ती आजही आहे. धुळीचीही सोय झाली, ती आता अहवालांवर बसते.

सामंजस्य करार, गटफोटो, शाल वगैरे यथासांग होईलच.

परतल्यावर कामावर एकदा चक्कर टाका. रोलरवाला विचारेल, “साहेब, डांबराचा माल थंड पडलाय, तरी दाबू का?” घाईत असाल तर त्याला परिषदेची पीडीएफ पाठवा. चारशे पानांची आहे, फ्रेंचमध्येही मिळते.