संरक्षणावरचा रुपया तिप्पट होऊन परत येत नाही

गेले काही महिने व्हॉट्सअ‍ॅपवर एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे, की दुसऱ्या महायुद्धाने अमेरिका श्रीमंत झाली. इस्रायल सैन्यावर पैसा ओतून पुढे गेला. संरक्षणावर खर्चलेला प्रत्येक रुपया तिप्पट होऊन परत येतो. इंटरनेट आणि जीपीएस ही लष्कराचीच देणगी आहे. म्हणून भारताने संरक्षणखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या 5 टक्क्यांवर न्यावा, म्हणजे बेरोजगारी आपोआप संपेल. युद्ध झालेच तर घाबरू नका, पाठोपाठ तेजी येतेच, असा दिलासाही शेवटी दिलेला आहे. अशा मजकुराकडे दुर्लक्ष करण्याची सवय झाली आहे. पण माझा भाचा सैन्यभरतीसाठी रोज पहाटे धावायला जातो आणि त्याच्या वडिलांनी ‘आता जागा निघणारच’ अशा खात्रीने हा संदेश मला पाठवला, तेव्हा उत्तर लिहिणे भाग पडले.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. दोन अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांशी सीमावाद असलेल्या देशाने सैन्यावर खर्च करावा की नाही, हा वादाचा विषयच नाही. तो खर्च सुरक्षिततेसाठी करावा लागतो आणि त्याची किंमत देशाला मोजावी लागते. ही किंमत ‘नफा’ म्हणून खपवली जाते, आक्षेप त्याला आहे.

महायुद्धाचा मुद्दा सर्वांत बेजबाबदार असल्यामुळे त्याचा समाचार आधी घेऊ. 1940 मध्ये अमेरिकेत दर सात कामगारांमागे साधारण एक बेकार होता आणि महामंदीमुळे कारखान्यांची बरीच क्षमता पडून होती. सरकारने प्रचंड खरेदी सुरू केल्यावर ती कामाला लागली, एवढे या दाव्यात खरे आहे. मात्र कारखाने चालू झाले म्हणजे लोक सुखी झाले असे नव्हे. फेब्रुवारी 1942 मध्ये सामान्य ग्राहकांसाठी मोटारी बनवणेच थांबवण्यात आले. साखर, मांस, पेट्रोल, टायर यांवर रेशनिंग आले. युद्ध ऐन भरात असताना देशाच्या उत्पादनाचा जवळजवळ दोनपंचमांश भाग लष्करावर खर्च होत होता, आणि रणगाडा कोणाच्या ताटात वाढता येत नाही. युद्ध संपताच लष्करी खर्च झपाट्याने कापला गेला आणि लक्षावधी सैनिक घरी परतले. तेजीचे इंजिन लष्करी खर्च हेच असते, तर 1946 मध्ये महामंदी परतायला हवी होती. तशी भीती त्या वेळी अनेक अर्थतज्ज्ञांना वाटतही होती. प्रत्यक्षात बेकारी 4 टक्क्यांच्या आसपास राहिली आणि मध्यमवर्गाची खरी भरभराट तोफा थंडावल्यानंतर झाली. शिवाय अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचे कारखाने बॉम्बखाली आले नव्हते, ही बाब संदेश लिहिणाऱ्याला सोयीस्करपणे आठवलेली नाही.

ब्रिटनचे नावही त्याने घेतलेले नाही. तो देश तर युद्ध जिंकला होता. जिंकल्यानंतर 1946 मध्ये त्याने अमेरिकेकडून 375 कोटी डॉलरचे कर्ज घेतले आणि त्याचा शेवटचा हप्ता डिसेंबर 2006 मध्ये फेडला. युद्धकाळात जो पाव रेशनवर नव्हता, तो शांततेच्या काळात, 1946 साली, रेशनवर आला. रेशनिंग पूर्णपणे उठायला 1954 उजाडले.

आणि इतके लांब जायचे कारणही नाही, कारण त्या युद्धात आपणही होतो. ब्रिटिशांच्या युद्धखर्चासाठी भारतात माल आणि मनुष्यबळ घेतले गेले, त्याचे पैसे लंडनमध्ये पौंडांच्या रूपाने जमा दाखवले गेले आणि इथे त्या बदल्यात नोटा छापल्या गेल्या. युद्ध संपले तेव्हा भारताची ब्रिटनकडे सुमारे 130 कोटी पौंडांची येणे रक्कम साचली होती. म्हणजे हिशेबाच्या वहीत भारत सावकार झाला होता, आणि त्याच काळात, 1943 मध्ये, बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली. त्या दुष्काळाची कारणे अनेक होती, पण युद्धकालीन महागाई त्यांतले एक ठळक कारण होते. ‘युद्धानंतर तेजी येतेच’ हे वाक्य पुढे ढकलणाऱ्याने ते इतिहासाच्या या पानाशेजारी ठेवून पाहावे.

स्वातंत्र्यानंतरचा दाखला तर आपल्या आणखी जवळचा आहे. 1962 च्या चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे आपण आजही अभिमानाने म्हणतो. त्यानंतर संरक्षणखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण 2 टक्क्यांवरून अल्पावधीत 4 टक्क्यांच्या जवळ गेला. तो वाढवणे आवश्यकच होते. पण संदेशातले गणित खरे मानले, तर 1963 नंतर देशात सुबत्ता यायला हवी होती. प्रत्यक्षात नवे कर आले, सक्तीची ठेव योजना आली, आणि जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रणाचा आदेश निघून 14 कॅरटपेक्षा जास्त शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यावर बंदी आली. परकीय चलन वाचवण्यासाठी सोन्याची मागणी दाबायची, हा त्यामागचा हेतू. 22 कॅरटचे मंगळसूत्र आणि पाटल्या घडवण्यात पिढ्या गेलेल्या सोनारांची भट्टी त्या आदेशाने विझली, आणि देशभर हजारो कारागीर बेकार झाले. पुढे 1965 चे युद्ध, थांबलेली परकीय मदत आणि सलग दोन वर्षांचा दुष्काळ यांची भर पडली. जून 1966 मध्ये डॉलरचा भाव 4.76 रुपयांवरून 7.50 रुपयांवर गेला आणि चौथी पंचवार्षिक योजना तीन वर्षे लांबणीवर पडली. या सगळ्याचा दोष एकट्या संरक्षणखर्चाला देणे अन्यायाचे होईल, दुष्काळाचा वाटा मोठा होता. पण त्या खर्चाने देश श्रीमंत झाला, असे म्हणण्याचे धाडस त्या काळी रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या कोणी केले नसते.

आता नोकऱ्यांचा मुद्दा, ज्याने आमचे मेहुणे भारावून गेले. 2025-26 च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी सुमारे 6.81 लाख कोटी रुपये होते. त्यांपैकी जवळपास 1.61 लाख कोटी रुपये 34 लाखांहून अधिक निवृत्तिवेतनधारकांसाठी होते. भांडवली खर्च, म्हणजे मुख्यतः विमाने, जहाजे, तोफा यांची खरेदी, 1.80 लाख कोटींची. उरलेला बहुतेक पैसा पगार, इंधन, दारूगोळा आणि देखभालीत जातो. खरेदीचा पैसाही सगळा देशात राहत नाही. स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ संस्थेच्या आकडेवारीनुसार 2020 ते 2024 या काळात शस्त्रआयातीत भारत युक्रेनखालोखाल जगात दुसरा होता. ज्या ‘तेजस’चे आपण कौतुक करतो, त्याचे इंजिनही अमेरिकेहून येते, आणि ते वेळेवर न आल्याने विमाने रखडली.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील रॉबर्ट पोलिन आणि हायडी गॅरेट-पेल्टियर यांनी 2011 मध्ये याच प्रश्नाचा हिशेब मांडला होता. अमेरिकेत 100 कोटी डॉलर लष्करावर खर्च केले तर सुमारे 11,200 रोजगार तयार होतात, आरोग्यावर खर्च केले तर 17,200 आणि शिक्षणावर 26,700. हे आकडे जसेच्या तसे भारताला लागू होणार नाहीत, हे मान्य. परंतु शस्त्रे स्वतः बनवणाऱ्या आणि जगाला विकणाऱ्या देशात ही अवस्था असेल, तर आयात करणाऱ्या देशात ती सुधारेल कशी? राहिला भरतीचा प्रश्न. संरक्षणाची तरतूद वाढत असतानाच जून 2022 मध्ये अग्निपथ योजना आली, जिच्यात चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीरांना कायम केले जाणार आहे आणि बाकीच्यांना निवृत्तिवेतन नाही. तरतूद वाढली म्हणजे कायमच्या जागा वाढल्या, असे समीकरण मांडणाऱ्याने निदान पहाटे मैदानावर धावणाऱ्या मुलांना तरी खोटी आशा लावू नये.

बाकीच्या मुद्द्यांना फार वेळ द्यायची गरज नाही. ‘तिप्पट’ हा आकडा कोठून आला, ते संदेशात नाही. रॉबर्ट बॅरो आणि चार्ल्स रेडलिक या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेच्या दीर्घ काळच्या आकडेवारीवरून काढलेला अंदाज असा, की तात्पुरत्या वाढवलेल्या संरक्षणखर्चाच्या एका डॉलरमागे दोन वर्षांत उत्पादन साधारण 60 ते 70 सेंटनेच वाढते. इस्रायलचा संरक्षणखर्च 1975 च्या सुमारास राष्ट्रीय उत्पन्नाच्या 30 टक्क्यांजवळ होता, आणि 1984 मध्ये तिथली महागाई 400 टक्क्यांपलीकडे गेली. ज्या तंत्रज्ञान कंपन्यांचे गोडवे गायले जातात त्या बहरल्या, तोवर संरक्षणखर्चाचे हे प्रमाण कितीतरी खाली आले होते. इंटरनेटचे मूळ लष्करी निधीतून उभ्या राहिलेल्या अर्पानेटमध्ये आहे, हे खरे. पण तो पैसा संशोधनाचा होता. आपल्या 6.81 लाख कोटींत डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेचा वाटा सुमारे 26,800 कोटींचा, म्हणजे 4 टक्क्यांहूनही कमी होता.

नाइलाजाने एक गोष्ट मान्य करावी लागते. ओझरचा विमान कारखाना चीन युद्धानंतरच्या त्याच धावपळीत उभा राहिला आणि नाशिकच्या औद्योगिक वाढीला त्याने हात दिला. 2024-25 मध्ये भारताची संरक्षण निर्यात 23,622 कोटींवर गेली, हीही समाधानाची बाब आहे. देशात बनवलेले शस्त्र आयात केलेल्या शस्त्रापेक्षा अर्थव्यवस्थेला बरे, एवढा निष्कर्ष यातून निघतो. खर्च जितका जास्त तितका देश श्रीमंत, हा निघत नाही.

शेवटी त्या 5 टक्क्यांचा हिशेब. 2025-26 च्या अर्थसंकल्पात हे प्रमाण निवृत्तिवेतन धरून सुमारे 1.9 टक्के होते. ते 5 टक्क्यांवर न्यायचे तर दरवर्षी आणखी 11 लाख कोटी रुपये लागतील. केंद्र सरकारचा 2025-26 मधला रस्ते, रेल्वे आणि संरक्षण धरून सगळा भांडवली खर्च 11.21 लाख कोटींचा होता, आणि व्याजापोटीच 12.76 लाख कोटी धरले होते. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही. तेव्हा हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी त्याच्याखाली एवढेच जोडावे, की हे 11 लाख कोटी रेल्वे आणि रस्त्यांतून काढायचे, नवे कर लावून उभे करायचे, की कर्जात घालून पुढच्या वर्षीच्या व्याजाचा आकडा वाढवायचा. मेहुण्यांना मी हाच प्रश्न उलट पाठवला आहे.